साइन इन होत नाही म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट मारू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेली बावीस-तेवीस वर्षे मी कराडात कॉम्प्युटरचे काम करतो. आधी आठ मशिनचे सायबर कॅफे होते. ते बंद केल्यावर त्याच गाळ्यात दुरुस्ती सुरू केली. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. पण जून २०२५ मध्ये घडलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. आमच्याच धंद्यातल्या एका सवयीमुळे ती घडली, म्हणून ती आमच्यातल्याच कुणीतरी सांगायला हवी.

आमच्या पेठेत एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी सातवीत असताना त्यांनी मला मराठी शिकवले, त्यामुळे आजही त्या माझ्यासाठी बाईच आहेत. मुलगा बरीच वर्षे कॅनडात आहे. त्याने २००९ मध्ये आईवडिलांना स्काइप घालून दिले आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्या घरात स्काइप वाजायचे. बाईंचे यजमान गणिताचे शिक्षक होते. नातू पाच वर्षांचा झाल्यावर ते त्याला कॉलवर पाढे शिकवू लागले, पुढे पावकी-निमकी सुद्धा. स्काइपमध्ये कॉल रेकॉर्ड करायची सोय २०१८ मध्ये आली. रेकॉर्डिंग तिथे तीस दिवसच राहायचे, म्हणून मुलाने बाईंना ते उतरवून डेस्कटॉपवर ठेवायला शिकवले. अशी चार रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये होती. सर २०२२ मध्ये गेले.

५ मे २०२५ ला स्काइप बंद झाले. जुन्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्याच टीम्स या दुसऱ्या मेसेंजरमध्ये साइन इन करा, तुमची माणसे आणि जुने संवाद तिथे दिसतील, असे आधीच जाहीर झाले होते. मुलाने फोनवरून सांगितले तसे बाईंनी टीम्स उघडले. काही विचारण्याआधीच ते आपोआप साइन इन झाले, कोपऱ्यात बाईंचे नावही आले. पण आत कुणीच नव्हते. मुलगा नाही, बहीण नाही, सोळा वर्षांचे एक अक्षर नाही. बाई घाबरल्या आणि लॅपटॉप घेऊन जवळच्या एका दुकानात गेल्या. तिथे पाच मिनिटांत निदान झाले: "व्हायरस आहे, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल." आठशे रुपये घेतले, फॉरमॅट मारला, नवीन विंडोज टाकले आणि संध्याकाळी लॅपटॉप परत दिला. बाईंनी घरी टीम्स उघडले. पुन्हा आपोआप साइन इन, पुन्हा यादी रिकामी. तेव्हा त्यांनी मला बोलावले.

मशिनमध्ये काहीही बिघाड नव्हता, फॉरमॅटच्या आधीही नव्हता. हा लॅपटॉप २०२१ मध्ये घेतला तेव्हा भाच्याने विंडोज सुरू करताना बाईंच्या जीमेलच्या पत्त्यावर मायक्रोसॉफ्टचे एक नवीन खाते काढले होते. स्काइपचे खाते मात्र २००९ चे, नुसत्या स्काइप नावाचे, त्याला हा पत्ता कधी जोडलेलाच नव्हता. म्हणजे एका बाईंची दोन खाती झाली आणि बाईंना ते ठाऊक नव्हते. टीम्सने समोर दिसले ते विंडोजचे खाते उचलले. त्या खात्यावर कधीच कुणी नव्हते, मग यादी रिकामीच येणार. कॉम्प्युटर दहा वेळा फॉरमॅट मारला तरी ती तशीच आली असती, कारण अडचण मशिनमध्ये नव्हती, खात्यात होती.

मी टीम्समधून साइन आउट केले आणि दुसरे खाते वापरायचे निवडले. जी चौकट आली तिच्यात फिकट करड्या अक्षरांत लिहिलेले होते: ईमेल, फोन किंवा स्काइप. हा शेवटचा शब्द कुणी वाचत नसे. मी बाईंना विचारले, जुने स्काइप नाव कुठे लिहून ठेवले आहे का? त्यांनी कपाटातून एक डायरी काढली. शेवटच्या पानावर सरांच्या हस्ताक्षरात नाव होते, खाली पासवर्ड, आणि पासवर्डमधल्या मोठ्या अक्षरांखाली शिसपेन्सिलने रेघा. ते घातले. आधी मुलाचे नाव आले, मग बहिणीचे, मग एकेक जण उतरत गेले. बाई पडद्याजवळ वाकून नावे मोठ्याने वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, आणि डेस्कटॉपवरचं ह्यांचं फोल्डर कुठंय?"

मी दोन रात्री प्रयत्न केला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही पुष्कळदा काही हाती लागते. हल्लीच्या एसएसडीचे, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कचे, तसे नाही. पुसलेली जागा ती आतल्या आत खरोखरच रिकामी करून टाकते, ट्रिम म्हणतात त्याला. हाती काही लागले नाही. मुलाच्या फोनमध्ये एक रेकॉर्डिंग होते, चार मिनिटांचे. त्यात सर म्हणतात, "पाव, अर्धा, पाऊण," आणि नातू ओरडतो, "एक!" बाकीची तीन गेली.

संपादक महाशय, त्या दुकानदाराचे नाव मी लिहिणार नाही. तो पोरगा लबाड नाही. त्याला कुणी शिकवलेच नाही आणि फॉरमॅट मारणे हे सगळ्यात सोपे औषध आहे. पण साइन इन अडले की मशिन आजारी आहे, हा समज ग्राहकाच्या डोक्यातून जायला हवा आणि त्याहून आधी आमच्या डोक्यातून. मेसेंजर कुठलाही असो, तो उघडत असेल, चौकट दाखवत असेल आणि फक्त आत घेत नसेल किंवा घेऊन बाहेर टाकत असेल, तर बहुतेक वेळा भांडण किल्लीचे असते. दोन प्रोग्रॅम एका खात्यावर हक्क सांगत असतात, नाहीतर एका प्रोग्रॅमला दोन खाती सापडलेली असतात.

हे मी कॅफेच्या दिवसांतच शिकलो. २००४ मध्ये विंडोज एक्सपी होते आणि त्यात विंडोज मेसेंजर आयताच यायचा. त्यावर लोक एमएसएन मेसेंजर वेगळा उतरवून घ्यायचे. दोघांनाही तेच पासपोर्ट खाते (मायक्रोसॉफ्टच्या खात्याचे तेव्हाचे नाव) लागायचे. एका खात्याने एका वेळी एकाच ठिकाणी बसायचे, असा तेव्हा नियम होता. दुसरीकडून साइन इन झाले की पहिला बाहेर. एकाच खात्याने अनेक ठिकाणी राहायची सोय विंडोज लाइव्ह मेसेंजरच्या (एमएसएनचेच पुढचे नाव) २००९ च्या आवृत्तीत आली. तोवर एका म्यानात दोन तलवारी, अशी गत होती.

मलकापूरच्या एका गृहस्थांची मुलगी तेव्हा अमेरिकेत शिकत होती. ते रोज रात्री घरच्या कॉम्प्युटरवरून तिच्याशी एमएसएनवर बोलायचे. त्यांची तक्रार अशी, की बोलता बोलता मेसेंजर तुटतो, आणि नेमका महत्त्वाचे बोलताना तुटतो. मोडेम बदलून झाला, टेलिफोनची वायर बदलून झाली. मी एका रात्री त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. मुलीने विचारले, फीची पावती मेलवर आली का? त्यांनी आउटलुक एक्सप्रेस उघडले, आणि घड्याळाशेजारच्या छोट्या आयकॉनवर लाल फुली आली. तुटला! महत्त्वाचे बोलणे म्हणजे पावती, पावती म्हणजे मेल, आणि आउटलुक एक्सप्रेस उघडले की ते गुपचूप विंडोज मेसेंजर सुरू करून त्याच खात्याने साइन इन करायचे. मग एमएसएनवाला बाहेर पडायचा. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात जनरल, आणि तिथे विंडोज मेसेंजरमध्ये आपोआप लॉग ऑन होण्याची एक टिक. ती काढली, एवढेच काम. त्या घरात आधी दोनदा फॉरमॅट मारून झाला होता.

कॅफेत याहू मेसेंजरचे तसेच चालायचे. कुणी तीन नंबरच्या मशिनवर बसायचा, तिथला हेडफोन खरखरतो म्हणून उठून सहावर जायचा, पण तीनवरचा मेसेंजर बंद करायचा नाही. नुसती खिडकी मिटवायचा. खिडकी मिटली तरी प्रोग्रॅम खाली घड्याळाशेजारी जागाच असतो. त्यात पासवर्ड लक्षात ठेवायची टिक असली, की पुढचा माणूस तीनवर बसून याहू उघडणार आणि सहावरच्याला बाहेर काढणार, तेही त्याच्याच नावाने. मी प्रत्येक मशिनवर कागद चिकटवला होता: खिडकी मिटवू नका, साइन आउट करा.

सगळ्यात जास्त डोके खाल्ले ते मात्र भारनियमनाने. कोयनेच्या इतक्या जवळ राहून आम्ही २००५-०६ मध्ये तासन् तास अंधारात बसायचो. त्या काळात माझ्या दोन मशिनवर एमएसएन रोज सकाळी ८००४८८२० असा आकडा दाखवून नकार द्यायचा आणि शेजारच्या मशिनवर तेच खाते बिनबोभाट चालायचे. आठवडाभर मी प्रोग्रॅम काढत-घालत राहिलो. मग एकदा सहज घड्याळाकडे पाहिले तर तारीख १ जानेवारी, वर्ष कितीतरी मागचे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा. तो संपला तरी भिंतीतला स्विच चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालते, म्हणून सेल संपल्याचे कळतच नाही. लाईट गेली की घड्याळ मागे. आणि साइन इन करताना मेसेंजर समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात. कॉम्प्युटरच्या मते अजून ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेले नसते, मग तो दार कसे उघडेल? किरकोळ किमतीचा सेल बदलला आणि आकडा गेला. आजही साइन इनची तक्रार आली की मी पहिल्यांदा तारीख आणि साल बघतो. फॉरमॅटने हे घड्याळ सुधारत नाही.

एक वेगळ्या जातीचे भांडणही सांगतो. इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट असायचे, त्यांचा अपाचे सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम, सुरूच व्हायचा नाही. जुने स्काइप ८० आणि ४४३ नंबरचे पोर्ट, म्हणजे नेटवरून ये-जा करायची दारे, अडवून बसायचे, अपाचेला तेच हवे असायचे. स्काइपच्या सेटिंगमधली एक टिक काढली की दोघे सुखाने नांदायचे.

आता व्हॉट्सअॅपचा जमाना आहे, पण भांडण तेच. आमच्या ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्रात खते-बियाण्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर वाचल्या जातात. ऐन पेरणीत कॉम्प्युटरवरचे व्हॉट्सअॅप दर दोन दिवसांनी बाहेर पडू लागले. मालक म्हणाले, "नेट खराब आहे, नाहीतर कुणीतरी हॅक केलंय." प्रत्यक्षात मुलगा नवीन फोनवर वडिलांचाच नंबर टाकून व्हॉट्सअॅप सुरू करायचा, वडिलांच्या फोनवर आलेला कोड विचारून घ्यायचा. एक नंबर नव्या फोनवर नोंदवला की जुना फोन बाहेर पडतो आणि त्याला जोडलेले सगळे कॉम्प्युटरही. मग वडील स्वतःच्या फोनवर पुन्हा नोंदवायचे, की मुलगा बाहेर. असे चार-पाच वेळा झाले की पुढचा कोड यायला कित्येक तास थांबावे लागते. ऐन हंगामात! खरे तर २०२३ पासून दुसरा फोनही कॉम्प्युटरसारखा जोडता येतो. नंबर नव्याने नोंदवायचा नाही, फक्त जोडलेले उपकरण म्हणून कोड स्कॅन करायचा. मुख्य फोन एक आणि त्याला चारपर्यंत जोडण्या. मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडण्या आपोआप तुटतात, हेही लक्षात ठेवावे. माहेरी किंवा गावी फोन विसरून गेलेल्यांचे असे होते.

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉट्सअॅपसारख्या मेसेंजरसाठी निर्देश काढले, त्यात कॉम्प्युटरवरचे वेब साइन इन जास्तीत जास्त सहा तासांनी संपवावे असे आहे. ती बातमी आल्यापासून प्रत्येक जण म्हणतो, सरकारने बाहेर काढले. असेलही. पण माझ्याकडे आलेल्या तिघांच्या ब्राउझरमध्ये बंद करताना कुकीज (साइन इन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) पुसण्याची सेटिंग चालू होती आणि एकाकडे कुणीतरी साफसफाईचे सॉफ्टवेअर टाकून दिले होते, ते रोज सकाळी कचऱ्याबरोबर साइन इनही झाडून टाकायचे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचे खाते आणि घरच्या लॅपटॉपवर ऑफिसचे खाते, हा आजचा सगळ्यात मोठा गुंता आहे. लॉकडाउनपासून तो घरोघरी आला. ऑफिसचे खाते टीम्समध्ये घालताना एक चौकट येते, हे खाते या कॉम्प्युटरवर सगळीकडे वापरायचे का, असे विचारते, आणि माणूस घाईत हो म्हणतो. त्यानंतर त्या घरातले प्रत्येक जण टीम्स उघडले की आधी ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहतात. नोकरी सुटली, खाते बंद झाले, तरी कॉम्प्युटर त्याच दारावर थापा मारत राहतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स, तिथे ऑफिस किंवा शाळेचे खाते, ते तोडायचे. ब्राउझरमध्ये चालवायचे असेल तर दोन माणसांची दोन प्रोफाइल करावीत. क्रोममध्ये ती दोन मिनिटांत होतात आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जात नाही.

आणखी एक, आणि हे फार कळकळीने सांगतो. साइन इन अडले म्हणून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावू नका. तिकडचा माणूस गोड बोलतो, पडदा दाखवणारे अॅप उतरवायला लावतो, मग फोनवर आलेला कोड विचारतो. आमच्या गल्लीतल्या एका सेवानिवृत्ताचे असेच पैसे गेले. कोड कुणालाही सांगायचा नाही, मदत करणाऱ्याला नाही आणि मलाही नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, कोड तुम्ही स्वतः टाका, मी तिकडे तोंड करतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. फॉरमॅट मारण्याआधी तेच खाते स्वतःच्या फोनवर गिऱ्हाइकाकडून उघडून बघा. तिथेही अडत असेल तर मशिनला हात लावायचे कारणच नाही. तिथे उघडत असेल तर तारीख बघा, विंडोजला कुठले खाते जोडले आहे ते बघा, घड्याळाशेजारी दुसरा कोण जागा आहे ते बघा. एवढे करूनही फॉरमॅटच लागला, तर डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि गिऱ्हाइकासमोर बसून त्यातली दोन-चार फोल्डर उघडून दाखवा. डेटा फक्त सी ड्राइव्हवर नसतो आणि डी ड्राइव्हवरही नसतो, माणूस तो जिथे डोळ्यांसमोर दिसेल तिथे ठेवतो. मी जून २०२५ पासून बिलावर एक ओळ छापून घेतली आहे: 'डेटा उतरवून घेतला, ग्राहकाने पाहिला.' खाली सहीसाठी जागा. सहीशिवाय मी फॉरमॅट मारत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी.

आणि वाचकांनी आपल्या खात्यांची नावे एका वहीत लिहून ठेवावीत. कुठले खाते कधी काढले, कुठल्या नंबरवर, कुठल्या पत्त्यावर. बाईंच्या घरी सरांची ती डायरी नसती, तर जून २०२५ मध्ये मलाही ते स्काइप नाव सापडले नसते.

उरलेल्या चार मिनिटांच्या रेकॉर्डिंगच्या मी तीन प्रती केल्या. एक बाईंच्या लॅपटॉपवर, एक त्यांच्या पेनड्राइव्हवर, आणि एक त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, कराड
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे.)